गडी उशिरा उडतो

या आखाजीला मी मायला हरवलं, आणि आनंद व्हायचा सोडून मला धक्काच बसला.

हरवलं ते टीव्हीवरच्या गेममध्ये. आता सत्तरी ओलांडलेली बाई आणि पन्नाशीकडे निघालेली तिची लेक टीव्ही गेम खेळतात हे ऐकून कोणाला हसू येत असेल तर त्यानं आधी हसून घ्यावं. आमच्या जळगावातल्या पिंप्राळ्याच्या घरात आखाजीची दुपार अशीच जाते. बाकीच्या खान्देशात अक्षय्य तृतीयेच्या त्या दिवशी बाया झोके घेतात आणि पुरुष पत्ते कुटतात. वर्षभर पत्त्यांच्या कॅटला हात न लावणारी माणसंही आखाजीला डाव मांडून बसतात आणि कोणी नाक मुरडत नाही. माझ्या वडिलांनी असल्याच एका बैठकीत ते मशीन जिंकून आणलं होतं. समोरचा दुकानदार खिशातलं सगळं हरला, तेव्हा त्यानं दुकानातला नवाकोरा टीव्ही गेम डावावर लावला आणि तोही घालवून बसला.

मायनं तेव्हा आकाशपाताळ एक केलं. "घरमा हाई जुगारनं डबडं नको" म्हणाली आणि मशीन गव्हाच्या कोठीमागे टाकलं. पुढच्याच आठवड्यात मी शाळेतून लवकर घरी आले, तर ही पदर खोचून टीव्हीसमोर पाटावर बसलेली, हातात रिमोट, आणि पडद्यावरचा बुटका माणूस खड्डे ओलांडत धूम पळतोय. मला बघून तिनं रिमोट लपवलासुद्धा नाही. "थांब, गडी मरी जाई," एवढंच म्हणाली. त्या बुटक्याला ती पहिल्या दिवसापासून गडी म्हणते. उजवीकडे पळायचं, खड्डा आला की बटण दाबून उडी मारायची, काटेरी गोळे चुकवायचे, झालं. गेम एवढाच. पण त्यात मायला हरवणारा माणूस मी पाहिला नव्हता. वडील हरले, भाऊ हरला, जावईबुवा म्हणून आलेले माझे हे तर पहिल्याच खड्ड्यात गेले.

आखाजीला आमची शर्यत लागायची. पाळीपाळीनं खेळायचं, ज्याचा गडी जास्त पुढे जाईल तो जिंकला. हरणाऱ्यानं त्या दिवशीची सगळी भांडी घासायची, पुरणाच्या पातेल्यासकट. आमच्याकडे रीत अशी की आखाजीला माहेरी आलेल्या लेकीला कुठल्याही खेळात हरवायचं नसतं. बिचारी वर्षभर सासरी राबते, दोन दिवस तरी वर मान करू दे. शेजारच्या अक्का दर वर्षी म्हणायच्या, "लेक दोन दिननी पाव्हनी, जितू दे ना वं तिले." माय म्हणायची, "जितनं व्हई ते शिकीसन ये म्हना." मग मी धुळ्याहून येऊन, नवी साडी नेसून, पुरणाचं पातेलं घासत बसायचे. माहेरचं सुख म्हणतात ते हेच.

वडील गेल्यावर माय एकटी राहते. भाऊ पुण्याला असतो, चांगला आहे, दर रविवारी फोन करतो आणि दर रविवारी तेच म्हणतो की आता इकडे ये. तिचं उत्तरही ठरलेलं: "हातपाय चालतस तवलोंग मी आठेच ऱ्हासू." या वादावर एकदा कायमचा पडदा टाकायचा म्हणून तिनंच त्याला शब्द दिला होता, की ज्या दिवशी हातपाय चालेनासे होतील त्या दिवशी हूं की चूं न करता येईन. मायचा शब्द म्हणजे शब्द. भावानं तो मान्य केला आणि आम्ही निश्चिंत झालो. सकाळी ती गच्चीवर ज्वारीचे बिबडे वाळत टाकते, अकरा वाजता भाजीवाल्याशी भांडते, दुपारी जेवून झोपायच्या ऐवजी गडी पळवते, संध्याकाळी गल्लीतल्या बायांची सभा तिच्या ओट्यावर भरते. पुण्याला सातव्या मजल्यावर तिला ओटा कुठून मिळणार होता? भावाच्या घरी ती राहायला जाते तेव्हा चौथ्या दिवशी पिशवी भरून दाराशी ठेवते.

तर या आखाजीला घागर पुजून झाली, वडिलांच्या नावानं निखाऱ्यावर घासाची आगारी टाकली, आमरस-मांडे जेवलो. मांडे या वर्षी विकतचे होते. "गरमी लई शे," माय म्हणाली, आणि वैशाखातल्या जळगावबद्दल तसं कोणी म्हटलं तर त्याच्याशी वाद घालता येत नाही. मग पाट मांडले. अक्का येऊन भिंतीला टेकून बसल्या. माझी पाळी आधी झाली, माझा गडी बऱ्यापैकी लांब गेला. मग मायनं आपला रिमोट घेतला.

तिचा गडी पहिल्या खड्ड्याच्या काठाशी गेला आणि सरळ चालत खड्ड्यात पडला.

मला वाटलं तिचं लक्ष नव्हतं. दुसऱ्या वेळी तो उडाला, पण काठ सुटल्यावर. तिसऱ्या वेळी काटेरी गोळा आला आणि गडी त्याच्यासमोर उभाच. ज्या जागा ती बोलता बोलता, भाजी निवडता निवडता ओलांडायची, त्या जागी तिन्ही गडी गेले. खेळ संपल्याचं ते रडकं संगीत वाजलं. या घरात ते मायच्या पाळीला इतक्या लवकर मी कधी ऐकलं नव्हतं.

शेवटी मायनं लेकीला जिंकू दिलं म्हणून अक्कांनी टाळ्या वाजवल्या. "उनी वं माय, आते तुले लेकनी माया उनी!"

माझं डोकंच फिरलं. इतकी वर्षं पातेली घासली ती काय शेवटी भीक घ्यायला? "तू मुद्दाम हारनी," मी ओरडले. "मी काय दया मांगी व्हती का तुले?"

"मी? मी आजलोंग कोणले जितू दिधं शे का?" ती माझ्यापेक्षा मोठ्यानं ओरडली. "मशीन बिघडनं. मी दाबस तधळ गडी उडत नही, मांगून उडस."

मी माझा रिमोट तिला दिला. त्यावरही तेच झालं, दाबलं की गडी मागाहून उडायचा. "दख. दोन्ही रिमोटवर तसंच. मशीनच गयं," ती म्हणाली आणि भांडी घासायला उठली. मी फणफणत झोपाळ्यावर जाऊन बसले. मोरीत ताट पडल्याचा आवाज आला, मग आणखी एकदा आला. माय चिडली की भांडी आपटते हे मला लहानपणापासून ठाऊक होतं.

संध्याकाळी मशीनचं काय करायचं यावर घरात परिषद भरली. भाऊ व्हिडिओ कॉलवर होता. त्याचं म्हणणं, ते डबडं भंगारात द्या, तो नवीन मशीन पाठवतो, त्यात हा गेम आहेच आणि वर आणखी शेकड्यांनी आहेत. मग त्यालाच वाईट वाटलं, कारण वडिलांची आठवण होती, आणि त्यानं दुसरी युक्ती काढली. वरचं खोकं जुनंच ठेवायचं, आतलं सगळं काढून नवं बसवायचं, म्हणजे बिनवायरचा रिमोट चालेल आणि मोठ्या टीव्हीला जोडता येईल. माझ्या ह्यांना काहीही टाकायला आवडत नाही. आमच्या घरात तीन बंद मिक्सर आहेत. ते म्हणाले, दुरुस्त होत असताना बदलायचं कशाला? मी म्हणाले, तीस-पस्तीस वर्षं जुनं मशीन, तापलं असेल, म्हातारं झालं, आणखी काय होणार! माय मधे एकदाच बोलली. म्हणाली, आधी ते कोणाला तरी दाखवून आण. आम्ही सगळेच एकमेकांवर ओरडत होतो, त्यामुळे तिच्याकडे कोणी फारसं लक्ष दिलं नाही. शेवटी दोन्ही ठरलं. मशीन मी धुळ्याला नेऊन दुरुस्तीला टाकायचं, आणि तोवर तिची दुपार मोकळी जाऊ नये म्हणून भावानं नवीन पाठवायचं.

धुळ्यात आमच्या घराजवळ एक जण अजून डब्याचे टीव्ही दुरुस्त करतो. त्याला मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, ठेवून जा ताई, एक पार्ट मागवावा लागेल बहुतेक. मी ठेवून आले.

भावाचं नवीन मशीन मायकडे पोचलं. कोणीतरी जोडून दिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला.

"हाई बी तसंच शे. उशिरा उडस."

भावाला विचारलं तर त्याच्याकडे उत्तर तयार. म्हणे सपाट टीव्हीवर चित्रच जरा उशिरा येतं, सेटिंग बदलावं लागतं. त्यानं फोनवरून शेजारच्या कोणाकडून तरी सेटिंग बदलून घेतलं. मायचा पुन्हा फोन. तसंच. मी म्हणाले, नवीन वस्तूंत दम नाही, जुनं दुरुस्त होऊन येऊ दे. मायनं फोन लगेच ठेवला नाही, थोडा वेळ नुसता कानाशी धरून बसली असावी.

मग एका संध्याकाळी हे ऑफिसातून येताना मशीन घेऊन आले. दुरुस्तीवाल्याच्या दुकानावरून जात होते, त्यानं हाक मारून हातात दिलं. यांनी ना काही विचारलं ना त्यानं सांगितलं. पुरुष माणसं! मी आमच्या टीव्हीला त्या पिवळ्या-पांढऱ्या पिना जोडल्या, कॅसेटवर फुंकर मारली आणि मायचा रिमोट हातात घेतला.

काय सांगू, गडी वाऱ्यासारखा पळाला. दाबलं की उडी, एका क्षणाचाही उशीर नाही. मी पहिला टप्पा ओलांडला, दुसरा ओलांडला, पोळ्यांची कणीक तशीच ठेवून तिसऱ्यात गेले. इतकं बरं वाटलं मला! आता मायला घेऊन देते आणि पुढच्या आखाजीला खरोखरचं हरवून दाखवते, असं मनात मांडे खात मी दुरुस्तीवाल्याला फोन लावला. म्हटलं, भाऊ, मशीन एक नंबर केलं तुम्ही, पैसे सांगा.

"कसले पैसे, ताई?" तो म्हणाला. "पार्ट मिळालाच नाही. मी ते उघडलंबी नाही. जसं दिलं तसंच वापस धाडलं साहेबांसोबत."

मी रिमोट पलंगावर टाकला. टीव्हीवर गडी उभा होता आणि माझं लक्ष नाही म्हणून काटेरी गोळ्यानं त्याला उडवलं. हे विचारत होते, काय झालं, कोणाचा फोन होता? उघडलंच नाही. मशीन आखाजीला होतं तसंच आहे, आणि आखाजीलाही ते चांगलंच होतं.

मग एकेक आठवायला लागलं. जिचे मांडे हातावर परातीएवढे व्हायचे आणि फाटायचे नाहीत, तिनं विकतचे आणले. मोरीत ताट दोनदा पडलं. चहा ती हल्ली अर्धाच कप भरते, म्हणते साखर वाढली. वर्षभरात तिनं सांगितलं होतं की फोन बिघडला, दुसऱ्यालाच लागतो, तर भावानं फोन नवीन दिला. गॅसचं बटण बिघडलं, फिरत नाही, तर शेगडी नवीन आणली. दाराचं कुलूप बिघडलं, किल्ली लागत नाही, तर मी कुलूप नेलं. वर्षभर त्या घरात सगळंच बिघडत होतं आणि आम्ही दोघं बहीणभाऊ मोठ्या हौसेनं एकेक वस्तू बदलून देत होतो. आणि ती हरली तेव्हा आखाजीच्या रीतीनं आमचं समाधान केलं होतं. लेकीला जिंकू दिलं, बस्स. तिच्या हातांकडे कोणी पाहिलंच नाही.

भावाला सांगितलं. तो अगदी बारीक आवाजात म्हणाला, "मग आता तिला आणावंच लागेल गं. तिनं शब्द दिलाय." तो चुकीचं बोलत नव्हता, तरी मला त्याचा संताप आला. मी म्हणाले, दोन दिवस तू कोणाला काही सांगू नकोस.

सकाळी मी एसटीनं निघाले. मशीन पिशवीत मांडीवर. पारोळा गेलं, एरंडोल गेलं, आणि तोवर माझं ठरलं होतं. मी खोटं बोलणार होते. मशीन गेलं म्हणून सांगायचं, नवीनही वाईट आहे म्हणायचं, गेमचा नादच सोडून दे म्हणायचं. मग हळूच, गुडघ्याचं निमित्त करून, डॉक्टरकडे न्यायचं. तिच्या हातांचं तिला कळायलाच नको. कळलं तर ती शब्द पाळेल, स्वतःच पिशवी भरेल, आणि त्या ओट्यावर सभा भरणं बंद होईल. मी तिला इतकी ओळखते.

घरात पाऊल टाकलं तर तिनं पाणीसुद्धा विचारलं नाही. "दखाडं का?"

"दखाडं," मी म्हणाले. "मशीन गयं, माय. आते ते सुधरत नही."

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग पिशवीकडे. "लाव बरं."

"काय करानं लाईसन? सांगं ना, गयं."

"लाव."

मी जोडलं. ती पाटावर बसली आणि रिमोट उचलण्याऐवजी माझ्याकडे सरकवला. "तू खेळ."

मी खेळले. पहिला खड्डा आला, मी बटण मुद्दाम उशिरा दाबलं, गडी पडला. दुसऱ्यांदाही तसंच केलं. म्हटलं, "दख, उशिरा उडस." माझा आवाज मलाच खोटा वाटत होता.

"मुद्दाम पाडं तू," माय म्हणाली. आवाजात राग अजिबात नव्हता, आणि मायचा राग नसलेला आवाज मला सवयीचा नाही. "मी काय आज खेळी ऱ्हायनू का? माले कळस. खरं खेळ."

आता माझ्यापुढे इलाज नव्हता. मी खरं खेळले. गडी एकेक खड्डा ओलांडत गेला, काटेरी गोळे चुकवत गेला, आणि तो एखाद्या तरी खड्ड्यात आपणहून पडावा म्हणून मी देवाचा धावा करत होते. पडद्यावरचं मला धूसर दिसायला लागलं होतं, तरी तो मेला पडेना. टप्पा संपल्यावर वाजतं ते विजयाचं संगीत वाजलं. मला ते बंद करायचंही सुचलं नाही.

"मशीन चांगलं शे," माय म्हणाली.

मी मान हलवली.

"मंग मीच बिघडनू."

मी काहीतरी बोलायला गेले, उकाडा, वय, अशक्तपणा. तिनं हात वर करून मला थांबवलं आणि तो हात तसाच हवेत धरला, माझ्या डोळ्यांसमोर. अंगठा आपल्याच नादात बारीक हलत होता. ती थांब म्हणत असावी आणि तो ऐकत नसावा, असं काहीतरी. आम्ही दोघी त्याच्याकडे बघत राहिलो.

"मी तुले मशीन कसाले दिधं व्हतं?" ती म्हणाली. "ते बिघडनं का मी बिघडनू, तेवढं माले कळाले पाहिजे व्हतं. तुम्ही ते नवं करा, ते बदला, करी ऱ्हायनात. अन् तू आते खोटं बोलाले लागनी." मग जरा थांबून, "आते मना नंबर. कोठे दखाडानं ते तुम्ही ठरावा. मी नही म्हनाव नही. पुन्याले जानं पडनं ते जासू."

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. घोडी झाले तरी रडले, लाज वाटली नाही. तिनं माझ्या केसांवर हात ठेवला, आणि तो हलतोय हे मला डोक्यावर कळत होतं.

बाहेर ओट्यावर बाया जमायला लागल्या होत्या. अक्कांनी हाक मारली. माय पाटावरून उठली, पदर सारखा केला, आणि दाराशी जाऊन वळली.

"त्याले आज फोन करू नको," ती म्हणाली. "सकाये कर. आजनी रात माले बिनघोर मना घरमा झोपू दे."

ती ओट्यावर गेली. आतल्या खोलीत माझा फोन वाजत होता, भावाचाच असणार. मी तो उचलला नाही.